सर्जनशील लेखनाचा पेपर लिहून घेऊ नका, मसुदे वाचा
मराठी अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य, मराठी अभ्यास मंडळ,
महाराष्ट्र आणि गोव्यातील सर्व विद्यापीठे

सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीचे आराखडे बदलले. त्याबरोबर 'सर्जनशील लेखन', 'कथालेखन', 'कवितालेखन' अशा नावांचे दोन-दोन क्रेडिटचे पेपर मराठी विभागांत आले. आम्ही लिहिणारी आणि लेखन शिकवणारी मंडळी. आम्हाला याचा आनंद झाला आणि म्हणूनच हे पत्र लिहितो आहोत. यातल्या अनेक पेपरांचा अभ्यासक्रम उघडला की आत 'कथेचे स्वरूप व घटक', 'कवितेच्या व्याख्या', 'ललित गद्याचे प्रकार' हेच जुने मथळे दिसतात आणि शेवटच्या घटकात 'एक कथा अथवा दोन कविता लिहा' अशी एक ओळ. सत्राअखेरी प्रश्न येतो, 'कथेचे घटक सविस्तर स्पष्ट करा.' उत्तर गाईडमध्ये असतं. विद्यार्थ्याला कथानक, पात्र, वातावरण, निवेदन या शब्दांच्या व्याख्या तोंडपाठ होतात, पण त्याने लिहिलेली कथा कुणी नीट वाचून, त्यावर खुणा करून, 'पुन्हा लिहून आण' म्हणत परत दिलेली नसते.

आमची मागणी एवढीच आहे: हा पेपर प्रात्यक्षिकाचा धरा, आणि त्याच्या मध्यभागी मसुदा ठेवा.

लेखक शिकवून घडत नाही, असं आपल्यापैकी काहीजण म्हणतील. प्रतिभा शिकवता येत नाही हे आम्हालाही मान्य आहे. पण चित्रकलेबद्दल हा आक्षेप कुणी घेत नाही. मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासून हात बसवून घेतं आहे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक करून शिकवतात. मराठी लेखनातही ही परंपरा होतीच, फक्त ती विद्यापीठाच्या बाहेर होती. शाहिरांच्या फडात नवा माणूस कवन रचायचा आणि जुना ते दुरुस्त करायचा. गझलेत उस्तादाकडून इस्लाह, म्हणजे रचनेची दुरुस्ती, घेण्याची रीत आहे. सुरेश भटांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली ती त्याच भावनेने. 'सत्यकथा' मासिकाच्या काळात त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकांच्या कथा सूचनांसह परत पाठवत आणि पुनर्लेखन करून घेत. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद झालं. नव्या माणसाचं कच्चं लेखन जिथे इतक्या बारकाईने वाचलं जाई, ती जागा तेव्हापासून मोकळीच आहे. दिवाळी अंकाच्या संपादकाला आज तेवढा वेळ नसतो आणि फेसबुकवर मिळतात त्या दाद आणि अंगठे. नवोदिताला कमी पडतो तो लक्ष देऊन वाचणारा वाचक. विद्यापीठाच्या वर्गात असे पंधरा वाचक एका खोलीत बसवता येतात. दुसऱ्या कोणत्याही संस्थेला हे इतक्या सहज जमणार नाही.

आता प्रत्यक्ष आखणी. तासिकांचा हिशेब तुमच्याच नियमांत आहे: थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचा पेपर थिअरी धरला तर ३० तास मिळतात, प्रात्यक्षिक धरला तर ६०. पंधरा आठवडे, आठवड्याला दोन तासांच्या दोन बैठका, म्हणजे एकूण ३० बैठका. पहिल्या ८ बैठका सरावाच्या. उरलेल्या २२ बैठकांत प्रत्येकी दोन मसुद्यांवर चर्चा करायची, म्हणजे ४४ जागा. तुकडी १४ जणांची असेल तर प्रत्येकाचं लेखन सत्रात तीनदा चर्चेला येतं. त्यात ४२ जागा जातात. उरलेल्या दोन आजारपणासाठी, परीक्षेच्या कामासाठी आणि एसटी न आलेल्या दिवसासाठी हाताशी राहतात. तुकडी २२ च्या वर गेली की एकाच्या वाट्याला दोन वेळाही येत नाहीत आणि मग या पेपरात अर्थ उरत नाही. एका वर्गात साठ विद्यार्थी असतील तर रसायनशास्त्रात करतात तशा बॅचेस करा, किंवा प्रवेशसंख्या ठरवून घ्या. साठ जणांना एका हॉलमध्ये बसवून सर्जनशील लेखन शिकवता येत नाही.

मसुद्याची कमाल लांबी गद्यासाठी १,२०० शब्द, कवितेसाठी तीन पानं. तो बैठकीच्या तीन दिवस आधी सगळ्यांच्या हातात पडला पाहिजे. जो तीन दिवस आधी देणार नाही, त्याची जागा जाते. हा नियम पहिल्या आठवड्यातच कडक पाळला नाही तर तिसऱ्या आठवड्यापासून मसुदे वर्गात येऊन पहिल्यांदा वाचले जातात, आणि पहिल्या वाचनात सुचणारी मतं फार तर आवडलं-नावडलं एवढीच असतात. प्रत्येक वाचकाने दीडशे-दोनशे शब्दांचं टिपण लिहून आणायचं, त्याची एक प्रत लेखकाला, एक शिक्षकाला. टिपण लिहिताना माणूस दुसऱ्यांदा वाचतो. तेच हवं असतं.

चर्चेचा क्रमही ठरलेला असावा, कारण मोकळं सोडलं की पहिला बोलणारा दिशा ठरवतो आणि बाकीचे मान डोलावतात. आधी पाच मिनिटं फक्त वर्णन: या मजकुरात काय घडतं, कोण सांगतं, कोणत्या काळात सांगतं. यात मत द्यायचं नाही. या पाच मिनिटांतच निम्मी गुपितं फुटतात, कारण सात जण म्हणतात निवेदक मुलगा आहे आणि सात म्हणतात मुलगी. मग वाचक कुठे थांबला, कुठे मागे गेला, कुठे पान उलटलं, ते ओळीवर बोट ठेवून सांगायचं. त्यानंतर प्रश्न. उपाय सर्वांत शेवटी, तेही लेखकाने मागितले तर.

हे कसं चालतं ते एका छोट्या नमुन्यावर दाखवतो. हा नमुना आम्ही याच पत्रासाठी रचला आहे. मसुद्यात लिहिलं आहे:

'त्या दिवशी बाबांच्या मनात विचारांचे काहूर माजले होते. ते खिन्नपणे ओसरीवर बसले होते. आभाळ भरून आले होते, पण पाऊस काही पडत नव्हता.'

यावर वर्गात हमखास येणाऱ्या प्रतिक्रिया म्हणजे 'ओघवतं आहे', 'मनाला भिडलं', 'अजून अलंकारिक हवं होतं'. यातल्या एकीनेही लेखकाला पुढची ओळ लिहायला मदत होत नाही. उपयोगी टिपण असं असेल: 'पहिल्या वाक्यात मला बाबा दिसले नाहीत, काहूर माजणं हा तयार शब्दप्रयोग ऐकू आला. तिन्ही वाक्यं होते-होते-नव्हता अशी संपतात, त्यामुळे चित्र गोठून राहतं. पाऊस न पडल्याने बाबांचं नेमकं कोणतं काम अडलं आहे?' यातला शेवटचा प्रश्न कामाचा. त्याच्यामुळे दुसरा मसुदा असा येऊ शकतो:

'बाबांनी घरच्या सोयाबीनची गोणी सोडली, मूठभर दाणे तळहातावर घेतले, दोन दाताखाली फोडून पाहिले. मग गोणीचं तोंड परत शिवायला दाभण मागितला.'

पेरणी लांबली, हे आता लिहावं लागलं नाही. खिन्न हा शब्दही गेला. पण चर्चा इथे संपत नाही. गोणी परत शिवण्याचा अर्थ मुंबईत वाढलेल्या वाचकाला कळणार नाही, असं कुणीतरी म्हणेल आणि ते खरं असेल. पावसाचा उल्लेख एका शब्दात परत आणायचा की त्या वाचकाला थोडं चाचपडू द्यायचं, हा निर्णय लेखकाचा. तो त्याने तिसऱ्या मसुद्यात घ्यावा. शिक्षकाने इथे स्वतःचं वाक्य सुचवलं की सत्राअखेरी चौदा जण शिक्षकासारखं लिहू लागतात. हा धोका फार मोठा आहे आणि चांगल्या लेखक-शिक्षकांच्या हातून तो जास्त घडतो.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९३६ मध्ये लेखन-कार्यशाळा सुरू केली, इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० मध्ये सर्जनशील लेखनाची एम.ए. सुरू केली. पुढे बहुतेक ठिकाणी हीच पद्धत गेली. तिच्यात रूढ झालेला एक नियम असा, की स्वतःच्या मसुद्यावर चर्चा चालू असताना लेखकाने तोंड उघडायचं नाही. कारण रास्त आहे: पुस्तक छापून गेल्यावर लेखक वाचकाच्या शेजारी बसून खुलासे करत नाही. पण हा नियम आपल्याकडे जसाच्या तसा आणू नका. वर्गात वऱ्हाडातली मुलगी 'तो जेवून राहिला' असं लिहिते. पुण्यातला वर्गमित्र त्याखाली रेघ मारून 'क्रियापद चुकलं' असं लिहितो. ते चुकलेलं नाही. त्या बोलीत चालू क्रिया तशीच सांगतात. मुलीने गप्प बसायचं असेल तर वीस मिनिटं अख्खा वर्ग तिची भाषा दुरुस्त करत बसेल, आणि पुढच्या मसुद्यात ती 'तो जेवतो आहे' लिहून आणेल. अहिराणी, मालवणी, झाडीबोली, आदिवासी भाषांतून मराठीत येणारी मुलं, गोव्यात घरी कोंकणी बोलणारी मुलं, या सगळ्यांना हे लागू आहे. म्हणून चर्चेआधी दोन मिनिटं लेखकाची: बोली कोणती, कोणते शब्द आपण मुद्दाम ठेवले आहेत, आणि कोणत्या दोन गोष्टींवर वाचकांचं मत हवं आहे. त्यानंतर त्याने ऐकावं.

याच कारणासाठी 'हे तुझ्याबाबतीत खरंच घडलं का?' हा प्रश्न वर्गात पूर्ण बंद असावा. जातीच्या, घरातल्या मारहाणीच्या, आजाराच्या अनुभवावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यावर साक्ष देण्याची वेळ येऊ नये. सगळ्यांनी 'निवेदक' म्हणावं, 'तू' म्हणू नये.

शुद्धलेखनाचा मुद्दा वेगळा ठेवा. साहित्य महामंडळाचे १८ नियम विद्यार्थ्याला आलेच पाहिजेत, यात दुमत नाही. पण ते तपासायचे अंतिम प्रतीवर. पहिल्या मसुद्यावर ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल खुणा केल्या की विद्यार्थी पुढच्या वेळी ज्या शब्दांच्या वेलांट्या येतात तेवढेच शब्द वापरतो. शिवाय पद्यात वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाचं स्वातंत्र्य कवीला त्या नियमांनीच दिलं आहे, हे अनेक परीक्षकांच्या लक्षात राहत नाही.

कवितेबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल. आज वर्गात येणाऱ्या दहातल्या नऊ कविता मुक्तछंदात असतात, आणि मुक्तछंद म्हणजे गद्य तोडून खाली-खाली लिहिणं अशी समजूत असते. ही समजूत मुक्तछंदावर व्याख्यान देऊन जात नाही, आधी छंदात हात घालावा लागतो. अभंगापासून सुरुवात करा, कारण तो सगळ्यांच्या कानात आहे. मोठ्या अभंगाचं मोजमाप सहा-सहा-सहा-चार अक्षरांचं, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. तुकोबांची ओळ फळ्यावर लिहा: 'सुंदर तें ध्यान / उभें विटेवरी / कर कटावरी / ठेवोनियां'. सुं-द-र-तें-ध्या-न, सहा. उ-भें-वि-टे-व-री, सहा. क-र-क-टा-व-री, सहा. ठे-वो-नि-यां, चार. 'विटेवरी'ला 'कटावरी' उत्तर देतं आणि चौथा चरण सुटा, आखूड राहून ओळ खाली उतरवतो.

विद्यार्थी चुकतात ते दोन ठिकाणी. जोडाक्षराची दोन अक्षरं मोजतात. 'ध्या' हे एकच आहे. दुसरी चूक अधिक खोल आहे. बोलताना आपण 'सुंदर' हा शब्द सुन्-दर् असा दोन ठोक्यांत म्हणतो, शेवटचा अ गिळतो. अभंगात तो गिळायचा नाही. त्यामुळे जो बोलण्याच्या कानाने रचतो, त्याचे चरण कागदावर मोजायला गेलं की सहाऐवजी सात-आठ अक्षरांचे भरतात, आणि म्हणायला घेतले की अडतात. हे समजावून सांगून कळत नाही. टाळी वाजवून सगळ्यांनी एकत्र म्हणायचं, मग आपलं रचलेलं म्हणायचं. कुठे टाळी चुकते ते त्याचं त्यालाच ऐकू येतं. अभंगाला दोन बैठका, भुजंगप्रयाताला एक (मनाचे श्लोक पाठ असणारा कुणी ना कुणी वर्गात असतोच, लघु-गुरु-गुरु हा य गण चार वेळा, बारा अक्षरं), सोळा मात्रांच्या पादाकुलकाला एक, आणि गझलेच्या रदीफ-काफियाला (ओळीअखेर परत येणारे शब्द आणि त्याआधीचं यमक) एक. पाच बैठकांत कुणी वृत्तपंडित होत नाही. पण ओळ कुठे संपते आणि का संपते, हा प्रश्न मनात पक्का रुजतो. वृत्ताचा अभ्यास ही विद्यापीठाला न शोभणारी गोष्टही नव्हे: माधव जूलियन यांना 'छंदोरचना'साठी मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये डी.लिट. दिली होती.

त्यानंतर मुक्तछंद. सगळ्यांना एकच वाक्य द्या आणि ओळी पाडायला सांगा. 'नळाला पाणी येईल / म्हणून आई जागी आहे' असं तोडलं तर ओळ व्याकरणाच्या सांध्यावर तुटते आणि वाक्य जसं होतं तसंच राहतं. 'नळाला पाणी येईल म्हणून आई / जागी आहे' असं तोडलं तर 'आई'पाशी क्षणभर थांबावं लागतं, आणि 'जागी आहे' हे दोन शब्द रात्रीसारखे एकटे पडतात. कोणती तोड बरोबर, याचं उत्तर नाही. पण आपण का तोडली ते प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे.

सरावाच्या आठातल्या उरलेल्या तीन बैठका गद्याच्या. एकीत संवाद: दोन माणसं एका वस्तूबद्दल बोलतात, पण वस्तूचं नाव घेत नाहीत. 'तो म्हणाला, ती म्हणाली' काढून टाकल्यावर कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. एकीत निवेदकाची जागा बदलणं: तोच प्रसंग आधी 'मी'मधून, मग 'तो'मधून, प्रत्येकी दोनशे शब्द. शेवटची बैठक काटछाटीची. स्वतःचा ४०० शब्दांचा मजकूर २५० वर आणायचा, एकही घटना न गाळता. बहुतेकांचा पहिला परिच्छेद पूर्ण उडतो.

आता मूल्यमापन. लेखी परीक्षा नको. पन्नास गुणांपैकी वीस गुण पूर्ण झालेल्या लेखनाला द्या, पंधरा गुण पहिल्या मसुद्यापासून शेवटच्या मसुद्यापर्यंतच्या कामाला, दहा गुण इतरांच्या मसुद्यांवर लिहिलेल्या टिपणांना आणि पाच वाचननोंदीला. मसुद्यांना पंधरा गुण ठेवण्यामागे कारण आहे. पहिल्या सत्रातच सुरेख लिहिणारे दोघे-तिघे असतात. ते बहुधा वाचणाऱ्या घरातून आलेले असतात. जो कच्च्यापासून सुरुवात करून तीन वेळा पुन्हा लिहितो, त्याचं शिकणं गुणपत्रिकेत दिसलं पाहिजे. विद्यार्थ्याच्या धारिकेत (फाइलमध्ये) सगळे मसुदे तारखेसह आणि 'काय बदललं आणि का' याचं ५०० शब्दांचं टिपण असावं. तपासणी दोघांची, एक अंतर्गत आणि एक बाह्य परीक्षक, आणि बाह्य परीक्षकाने मसुदे पाहिल्याशिवाय अंतिम प्रतीला गुण देऊ नयेत.

नक्कल आणि यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर यांवरही हाच इलाज. पहिला मसुदा वर्गात, हाताने, पानांना क्रमांक घातलेल्या वहीत. संगणकावर नंतर. ज्याच्या वहीत खोडाखोड नाही आणि ज्याला स्वतःच्या चौथ्या ओळीबद्दल प्रश्न विचारला तर उत्तर देता येत नाही, त्याला पकडायला सॉफ्टवेअर लागत नाही.

शिकवणार कोण, हा खरा अडसर आहे. चौदा विद्यार्थ्यांचे ४२ मसुदे, प्रत्येकी १,२०० शब्द, म्हणजे पन्नास हजारांवर शब्द, एका लहान कादंबरीइतके. आणि ते दोनदा वाचायचे. एका मसुद्याला अर्धा तास धरला तरी २१ तास होतात, पुनर्लेखनं वेगळी. हे तास आज कोणत्याही कार्यभारात मोजले जात नाहीत. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकाला तर वर्गात उभं राहिल्याच्या तासाचेच पैसे मिळतात. मसुदावाचनाचे तास कार्यभारात धरा, नाहीतर चांगला शिक्षकही चौथ्या आठवड्यात पुन्हा 'कथेचे घटक' शिकवायला लागेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

बाहेरच्या लेखकांना बोलवायचं असेल तर 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये केली आहे. त्यात पदवीची अट नाही. क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो. अनेक वर्षं लिहिणाऱ्या, पण नेट-सेट न केलेल्या कथाकाराला वा कवीला एका सत्रासाठी आणण्याचा हा सरळ रस्ता आहे. एका दिवसाच्या व्याख्यानाला, शाल-श्रीफळाला आणि प्रमाणपत्रांना कार्यशाळा म्हणणं मात्र थांबवावं. त्या दिवशी कुणाचाही मसुदा वाचला जात नाही.

विद्यार्थ्याच्या लेखनावर हक्क विद्यार्थ्याचा. विभागाच्या वार्षिकांकात, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर किंवा पुढच्या वर्षीच्या वर्गात नमुना म्हणून वापरण्याआधी त्याची लेखी संमती घ्यावी, हे अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतच छापा.

शासनाने रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं केलं आहे, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. या निमित्ताने निधीची भाषा होते, तेव्हा आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. गोल बसता येईल अशी एक खोली, खुर्च्या हलवता येणाऱ्या. आणि कागद: प्रत्येक मसुद्याची चौदा प्रतींत छपाई, रुंद समास आणि मोकळ्या ओळी धरून पाच पानं, ४२ मसुदे. म्हणजे एका तुकडीला सत्राला २,९४० पानं, जवळपास सहा रीम. ही तरतूद विभागाच्या नावावर असू द्या. नाहीतर पैसे नाहीत म्हणून विद्यार्थी मसुदा मोबाइलवर पाठवतात, बाकीचे तो बसमध्ये सरकवत वाचतात आणि समासात कुणीच काही लिहीत नाही.

आपले,
मराठी लेखन शिकवणारे आणि लिहिणारे काहीजण